रोजचे ओझे

मोटारगाडीच्या पाट्यांविषयी कौटुंबिक साप्ताहिकात लिहावे की काय, असा संकोच आम्हांस प्रथम वाटला. परंतु आमच्यासारखी पिकअप घेण्याच्या विचारात असलेली शेजारच्या धर्मग्रामांतील मंडळी भेटली की पहिला प्रश्न हाच विचारतात, "तुमच्या गाडीला पाटे कोणते बसवलेत?" या प्रश्नाचे उत्तर शिकण्यास आम्हांस एक वर्ष लागले, आणि त्या वर्षाची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच एका जिवाने मोजली. म्हणून मनातील संकोच बाजूस ठेवून आमची चूक वाचकांपुढे मांडीत आहो.

बेळगावाहून जांबोटी-कणकुंबीकडे जाणारा रस्ता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्या डांबरी रस्त्यापासून रानात शिरणाऱ्या वाटा मात्र फारच थोड्यांनी पाहिल्या असतील. जांभा दगड, ओढ्यांतील गोटे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. मलप्रभा नदी ज्या डोंगरात उगम पावते तेथला पाऊस तो. त्याला दयामाया नाही. या वाटांवरील वाड्यांना औषधे पोहोचवावीत, आजाऱ्यास खाली आणावे, नाताळाच्या आधी गरजू घरांना तांदूळ द्यावा, या हेतूने 2021 साली धर्मग्रामाच्या वर्गणीतून चारही चाकांनी ओढणारी एक जुनी पिकअप घेण्यात आली. तिची देखभाल आम्हां तिघांकडे सोपवली गेली. आमच्यापैकी एक निवृत्त शिक्षक, एक शेतकरी आणि एक किराणा दुकानदार. मोटारीच्या विद्येत तिघेही सारखेच कोरे!

पहिल्याच नाताळात गाडीच्या हौद्यात आम्ही तांदळाची चौदा पोती रचली. पन्नास किलोचे एक पोते, म्हणजे एकूण 700 किलो झाले. गाडीच्या कागदांवर लिहिलेल्या भाराहून हे बरेच अधिक होते. पण सत्कार्याला कागद कशाला आडवा येईल, असे आमचे भाबडे तर्कशास्त्र. गाडीचा मागचा भाग खाली बसला, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागले आणि प्रत्येक खड्ड्यात खालून 'ठण' असा आवाज येऊ लागला. परत आल्यावर आम्ही रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गेलो आणि मागे दोन्ही बाजूंस एकेक जाड पाटा वाढवून घेतला. खर्च थोडका आला, गाडी मागून ताठ उभी राहिली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे मोठ्या समाधानाने पाहिले. आता कितीही ओझे येवो!

ओझे आले, पण ते पोत्यांचे नव्हते. 2022 सालच्या पावसाळ्यात एका धनगरवाड्यावरील आजी अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. 108 ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत आली. पुढे येणे तिला शक्य नव्हते. निरोप मिळताच आम्ही दवाखान्यातील सिस्टरांना घेऊन निघालो. हौद्यात गादी अंथरली, वर ताडपत्री बांधली, आजींच्या दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय बांधले आणि परतीची वाट धरली. अंतर जेमतेम सात किलोमीटर होते. त्या सात किलोमीटरांत गाडी एकदाही सरळ चालली नाही. पाखडताना सुपातील दाणे उडावेत तसा हौदा उडत होता. आम्ही अगदी पायी चालण्याच्या वेगाने गेलो, तरी प्रत्येक दगडागणिक मागून आजींचा हुंकार ऐकू येई. त्या ओरडल्या नाहीत, हे आम्हांस अधिक लागले. डांबरी रस्ता आल्यावर सिस्टर खाली उतरल्या. त्यांच्या तळव्यांवर हौद्याच्या कडेचे वळ उठले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "काका, ही गाडी पोत्यांसाठी केलीत. माणसांसाठी केली नाहीत."

त्या रात्री आम्हां तिघांपैकी कोणासही झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही बेळगावातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. उद्यमबागेत आयुष्य काढलेले हे गृहस्थ. आम्ही पाट्यांची किंमत विचारू लागताच त्यांनी हात वर केला. "आधी मला सांगा, गाडीत रोजचे वजन किती असते?" आम्ही चौदा पोत्यांची कथा सांगितली. "ते वर्षातून एकदाचे. मी रोजचे विचारतोय." आम्हांस उत्तर देता येईना. रोजचे वजन आम्ही कधी मोजलेच नव्हते.

मग त्यांनी आम्हांस समजावून दिले ते असे. कोणत्याही स्प्रिंगचा नियम सोपा आहे: वजन दुप्पट केले तर ती दुप्पट दबते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम 1678 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि तो आजही बदललेला नाही. स्प्रिंग वरच्या वजनाने जितकी अधिक दबलेली असेल तितके गाडीचे हेलकावे संथ होतात. सुमारे 25 सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला एकच हेलकावा देते. केवळ 6 सेंटिमीटर दबलेली असेल, तर तेवढ्याच वेळात दोन. माणसाच्या देहाला संथ हेलकावा मानवतो, कारण तो चालण्याच्या लयीच्या जवळचा असतो. जलद हेलकावा मात्र हाडांत शिरतो. आमचे वाढवलेले पाटे 700 किलोंची वाट पाहत ताठ बसले होते. हौद्यात आजी आणि सिस्टर मिळून शंभर किलोही भरत नव्हत्या. मग पाटे दबणार कसे? दगडाचा धक्का जसाच्या तसा वर जाणार.

"पाटा वाढवल्याने गाडीची ताकद वाढते, हा लोकांचा गैरसमज आहे," मिस्त्री म्हणाले. "आस तोच, ब्रेक तेच, सांगाडा तोच. कागदावरचा भारही तोच. फक्त गाडी वाकलेली दिसत नाही, म्हणून तुम्ही अधिक भरता." हे वाक्य आम्ही वहीत टिपून ठेवले आहे.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. प्रथम रिकामी, मग नेहमीच्या सामानासह. आणि दोन्ही वेळा, एकदा संपूर्ण गाडी व एकदा फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. अवजारांची पेटी, जादा चाक, पाण्याचे कॅन, औषधांच्या पेट्या आणि मागच्या बाकावरील दोन माणसे असे आमचे रोजचे ओझे 240 किलो भरले. सातशे नव्हे!

याच सुमारास धर्मग्रामातील तरुण मंडळींनी निराळी सूचना केली. गाडी दोन इंच उंच करणारा संपूर्ण संच बसवावा, म्हणजे ती खड्ड्यांवरून सहज जाईल आणि दिसेलही रुबाबदार. खरे सांगायचे तर आम्हांसही मोह झाला. मिस्त्रींनी आम्हांस गाडीखाली वाकायला लावले आणि मागच्या आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा दाखवला. "दगडाला आधी हाच लागतो. पाटे उंच केले की वरचा सांगाडा उंच होतो. हा गोळा चाकांच्या मधोमध, होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर लावावे लागतील." शिवाय उंचीबरोबर गाडीचा तोल वर सरकतो आणि उतारावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे कोन तिरपे होऊन सांधे लवकर झिजतात. मागे किती वजन आहे हे आसाच्या उंचीवरून ओळखून ब्रेक कमीअधिक करणारी कळ पुष्कळ पिकअपना असते; तीही फसते. आणि कायद्याचा प्रश्न निराळाच. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाहून गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली तसाच निर्वाळा दिला आहे. परक्याच्या वर्गणीतून घेतलेली गाडी नियमाबाहेर नेणे आमच्या मनास पटले नाही. रुबाबाचा विषय तेथेच संपला.

मग खर्च कशावर करावा? मिस्त्रींचे उत्तर होते, "शॉकवर." शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम पाट्यांहून अगदी निराळे असते. पाटे ओझे पेलतात. शॉक ओझे पेलत नाही, तो पाट्यांची उसळी आवरतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीचे रूपांतर उष्णतेत होते. लांबच्या खडबडीत वाटेवर साध्या शॉकमधील तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक निकामी झाल्यासारखा वागतो. नळीत नायट्रोजन वायू दाबाने भरलेला असेल तर फेस सहसा होत नाही. आमच्या गाडीचे शॉक तर केव्हाच गळून गेले होते. नव्या पाट्यांच्या तोऱ्यात त्यांच्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

अखेर ठरले ते असे. वाढवलेले दोन्ही पाटे काढून टाकावेत. मूळ पाट्यांची कमान उतरली होती, म्हणून त्याच मापाचा नवा संच बसवावा. त्यातील सर्वांत खालचा जाड पाटा थोडा अंतरावर राहतो आणि वजन वाढल्यावरच टेकून मदतीस येतो. रिकाम्या गाडीला तो त्रास देत नाही. चारही शॉक वायूचे घ्यावेत. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश आणि सांगाड्याखालचे धक्क्याचे रबर नवे घालावेत. गाडीची उंची मूळचीच ठेवावी. आणि रानवाटेला लागताना टायरांतील हवा 35 वरून 25 पौंडांवर आणावी, डांबरी रस्ता येताच पुन्हा भरावी. या शेवटच्या उपायाला एक पैसाही लागत नाही; फक्त एक हातपंप आणि थोडा धीर लागतो.

"आणि नाताळाची पोती?" आम्ही विचारले.

मिस्त्री हसले. "वर्षातून एका दिवसाच्या ओझ्यासाठी उरलेले दिवस माणसांची हाडे का मोडायची? त्या दिवशी दोन-तीन खेपा करा की!"

इतका साधा उपाय तीन प्रौढ माणसांना सुचला नव्हता. का सुचला नाही, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. एका खेपेत सारा तांदूळ नेण्यात आम्हांस एक थोरवी वाटत होती. भरलेला हौदा गावातून जाताना लोक पाहत असत. 240 किलोंची रोजची फेरी कोणी पाहत नाही. आम्ही गाडी सजवली होती ती त्या एका दिवसासाठी.

आजींवर शस्त्रक्रिया झाली. पुढे तीन महिने त्या खानापुरास लेकीकडे राहिल्या. पाऊस सरल्यावर त्यांना वाड्यावर पोहोचवण्याचे काम आम्ही मुद्दाम मागून घेतले. या खेपेस त्या मागच्या बाकावर बसल्या, शेजारी सिस्टर. वाट तीच होती. किंबहुना त्या पावसाने ती आणखी खचली होती. पहिला ओढा ओलांडताना आमचे सारे लक्ष मागे होते. हुंकार आला नाही. दुसरा ओढा गेला, जांभ्याची चढण गेली. तेव्हा आजींनी खिडकीबाहेर पाहत विचारले, "रस्ता कवा केला रं पोरांनो?"

आम्ही काय उत्तर देणार? सिस्टरांनी आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घालून हसू आवरले. रस्ता कोणी केला नव्हता, आणि तो आमच्या हातीही नव्हता.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याविषयी सांगितले आहे, आणि लगेच पुढे प्रत्येकाने आपापला भार उचलण्याविषयीही. मिस्सेत हे वाचन ऐकताना आम्हांस पूर्वी त्यात विसंगती वाटे. आता वाटत नाही. दुसऱ्याचे ओझे वाहावयाचे तर आपल्यावर रोज काय असते ते आधी वजनकाट्यावर ठेवून पाहावे लागते. नाहीतर आपण ताठ उभे राहतो आणि हौद्यातला माणूस उसळत राहतो.

त्या वर्षी नाताळाचा तांदूळ आम्ही तीन खेपांत पोहोचवला. शेवटची खेप संपेपर्यंत अंधार पडला आणि मध्यरात्रीच्या मिस्सेच्या तयारीस आम्ही उशिरा पोहोचलो. फादरांनी कारण विचारले. आम्ही खरे कारण सांगितले. ते म्हणाले, "बरे केलेत."