आधी रेघ, मग धागा

ओघळलेला चेहरा उचलायला कातडीखाली धागे भरायचे तर माणूस आधी बसलेला हवा. टेबलावर आडवं केलं की गालाचा ऐवज कानाकडे सरकतो, जबड्याच्या कडेला लोंबणारी पिशवी गायब होते, आणि जे उचलायचं तेच दिसेनासं होतं. म्हणून राजगुरुनगरच्या माझ्या दवाखान्यात पेशंटला मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवते आणि ट्यूबलाइट बंद करते. एका अंगाने येणाऱ्या उजेडात नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घळ खरी दिसते. मग पांढरी पेन्सिल. हसा म्हणते, मान खाली घाला म्हणते, दात आवळा म्हणते. दात आवळले की चावण्याचा स्नायू बोटाला टणक लागतो. त्याच्या पुढच्या काठाशी चेहऱ्याची धमनी जबड्यावरून वर चढते, तिथे लाल फुली. कानाच्या पुढून भुवईच्या बाहेरच्या टोकाकडे चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक फांदी जाते. ती दुखावली तर भुवई पडते. तिथे दुसरी फुली.

पेशंटला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. “मॅडम, सुई कधी?” असं विचारणारे बरेच. खरं तर सुईच्या कामाला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि ते काम शिकताही लवकर येतं. कोणत्या रेघेवर आणि कुठवर, हे ठरवणं अवघड.

हे शहाणपण आपल्या पुण्याकडचंच आहे, आणि जुनं आहे. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या मराठी माणसाची हकीकत छापून आली. तो इंग्रज फौजेत बैल हाकायचा. 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक त्याला बसवून दिलं. हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये तसं नाक केलं, आणि युरोपात हे काम रुजलं. मला त्यातला मेणाचा भाग फार आवडतो. कारागिराने आधी पातळ मेण नाकाच्या जागी बसवून चांगलं नाक घडवलं. मग ते मेण चपटं करून कपाळावर ठेवलं, त्याच्या कडेने रेघ मारली, आणि त्यानंतर वस्तरा उचलला. म्हणजे कापण्याआधी नाक तयार होतं! पदवी नसलेल्या त्या माणसाचं हे कसब मी आजच्या कितीतरी सुबक व्हिडिओंहून वरचं मानते.

आमचा धागा त्या मानाने कालचा. काटेरी टाक्याचं पेटंट अमेरिकेत डॉ. जॉन अल्कामो यांना 1964 मध्ये मिळालं, पण ते जखम शिवण्यासाठी होतं. ओघळलेल्या चेहऱ्यासाठी तो वापरात आणला तो नव्वदच्या दशकात, मार्लेन सुलामानिद्झे यांनी, रशियात. ते धागे पॉलिप्रॉपिलीनचे, न विरघळणारे. 2004 मध्ये अमेरिकेत तसल्याच एका धाग्याला परवानगी मिळाली, गाजावाजा झाला, आणि काही वर्षांत तो बाजारातून गेलाही. आता बहुतेक काम पॉलिडायऑक्सानोनचं, म्हणजे पीडीओचं. सर्जन पोटात, हृदयात ज्याने टाके घालतात तोच हा पदार्थ. शरीरातल्या पाण्याने तो सहा-आठ महिन्यांत विरघळतो. मधल्या काळात त्याच्या आजूबाजूला शरीर स्वतःचं कोलॅजन विणतं, म्हणून परिणाम धाग्यापेक्षा थोडा जास्त टिकतो. वर्षभर धरा, कुणाला कमी. एका बाईंबरोबर आलेल्या यजमानांना हे सांगितलं. ते चाकणच्या बाजारात कांदा घालणारे. शांतपणे म्हणाले, “म्हणजे पुढल्या साली पुन्हा लागवड.” मी हो म्हटलं. याहून सोप्या शब्दांत संमतीपत्र लिहिता येणार नाही.

जागा बधिर केली की कानशिलावर, केसांच्या रेषेच्या आत एक छिद्र. त्यातून बोथट टोकाची नळी खाली उतरते, धागा तिच्या पोटात असतो. उजवा हात नुसता ढकलतो. खरं काम डाव्या हाताचं, कारण वरून चिमटीत धरलेल्या कातडीखाली टोक कुठे आहे ते त्यालाच कळतं. जायचं असतं कातडीखालच्या चरबीच्या थरात. उथळ गेलं तर गालावर खड्डा पडतो, खोल गेलं तर बधिर केलेली बाईही दचकते. रेघेच्या टोकाशी पोचल्यावर तळवा गालावर दाबून नळी मागे घ्यायची, म्हणजे काटे धरतात. त्या वेळी पेशंटला कानाशी करकर ऐकू येते. आधी सांगून ठेवलं नाही तर घाबरगुंडी उडते. मग टेबलाची पाठ उभी करून पुन्हा बसवायचं, दोन्ही गाल समोरून पाहायचे, आणि धाग्याचं टोक हलकेच ओढायचं. घळ भरत येते, जबड्याची कड दिसू लागते. इथे हात आवरावा लागतो. आरशात बघणारी बाई म्हणत असते, “अजून थोडं.” अजून थोडं ओढलं की डोळ्याच्या कडेला चुण्या गोळा होतात आणि हसताना गाल जागचा हलत नाही. सूज उतरल्यावर थोडं सैल पडणारच, म्हणून मुद्दाम जास्त ओढणारे डॉक्टर आहेत. मला ते पटत नाही.

काहींना मी धागा घालतच नाही. वाड्याकडून, पाइटकडून येणाऱ्या मावशींचे गाल बसलेले असतात ते पुष्कळदा दाढा गेल्यामुळे. दाढा गेल्या की जबड्याचं हाड झिजतं आणि गालाचा आधारच जातो. अशा मावशींना मी दाताच्या डॉक्टरकडे धाडते. कवळी बसली की निम्मं काम होतं. मिश्री लावणाऱ्यांना आधी मिश्री सोडा म्हणते, तंबाखूने रक्तपुरवठा आखडतो आणि जखम रेंगाळते. मिश्री सोडण्यापेक्षा ओघळलेले गाल परवडले, असंही एकीने ऐकवलंय. आणि मान-जबडा फार जड असेल तर सरळ पुण्याच्या प्लास्टिक सर्जनची चिठ्ठी. कापून काढायची कातडी धाग्याला टांगून ठेवता येत नाही.

गाव लहान. इथे कुणाला कळता कामा नये, ही पहिली अट. “सुनेला सांगू नका हं मॅडम,” म्हणणारी सासू आणि “घरात कळलं नाही पाहिजे,” म्हणणारा चाकणच्या कंपनीतला सुपरवायझर, दोघेही आठवड्याच्या बाजारात शेजारी भेटणारे. त्यामुळे कमी ओढण्याला इथे कुणी नावं ठेवत नाही. नंतरचं पथ्य मात्र लपवता येत नाही. दोन-तीन आठवडे उताणं झोपायचं, मोठा आ करायचा नाही, म्हणजे पाणीपुरी बंद. पार्लरचा मसाज बंद. रोज चाकणला मोटरसायकलवर जाणाऱ्याने काय करायचं? हेल्मेट तर हवंच, आणि त्याचा पट्टा नेमका जबड्याखाली काचतो. मी त्याला थोडे दिवस कंपनीची बस पकड म्हणते.

लगीनसराईत सगळ्यांना घाई. लग्न आठ दिवसांवर आलं की वरमाया येतात. सूज, काळंनिळं, एखादी खळी, हे सगळं बसायला निदान महिना हवा हे समजावलं तरी मधे हळद असतेच, आणि हळदीला आयाबाया वरमाईचेही गाल चोळून काढतात. परवा एक वरमाई हिशेब घालत म्हणाली, “मग हळद झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी?” दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न होतं. मी तिला आषाढात बोलावलंय. धाकट्याचं तुळशीच्या लग्नानंतर आहे, त्याला उपयोगी पडेल.