आकड्यांपलीकडचे युद्ध

इतिहासाच्या तासाला युद्ध शिकविणे तसे सोपे असते. सन, सेनापती, कारणे आणि परिणाम फळ्यावर लिहिले की धडा संपतो. परंतु युद्धात माणसावर नेमके काय ओढवते, हे त्या मुद्द्यांत येत नाही. ते जाणून घ्यावयाचे तर कवितेकडे वळावे लागते, असे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर आम्हांस वाटते.

सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख सांगतो की, कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना तेथून नेण्यात आले. विजेत्याने आपल्याच विजयाचा पश्चात्ताप दगडावर कोरावा, ही इतिहासातील दुर्मीळ घटना होय. तरीही लाख हा आकडा इतका मोठा आहे की, विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एकही चेहरा उभा राहत नाही.

तो चेहरा विल्फ्रेड ओवेन दाखवितो. पहिल्या महायुद्धातील हा तरुण इंग्रज अधिकारी मानसिक आघातामुळे एडिंबरो येथील रुग्णालयात होता. तेथे १९१७ साली त्याने विषारी वायूच्या हल्ल्यावर कविता लिहिली. थकून वाकलेले, रक्ताळलेल्या पायांनी चालणारे सैनिक. अचानक आलेला वायू. आणि मुखवटा वेळेत चढवू न शकलेला एक शिपाई. कवी आपल्या मुखवट्याच्या काचेतून त्याची तडफड पाहतो आणि पुढे स्वप्नातही ती त्याचा पाठलाग सोडत नाही. देशासाठी मरण्याचा गोडवा गाणारे रोमन कवी होरेसचे सुभाषित अखेरीस तो समोर ठेवतो आणि त्यास सरळ असत्य ठरवितो.

ओवेन भित्रा नव्हता. बरा होऊन तो आघाडीवर परतला, शौर्यपदकास पात्र ठरला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मारला गेला. एका आठवड्याने युद्धविराम झाला. त्याच दिवशी मृत्यूची तार त्याच्या घरी पोहोचली. त्याच्या वहीत ‘गीतांजली’तील ओळी लिहिलेल्या होत्या. त्याच्या आईने १९२० साली रवींद्रनाथांना पत्राने हे कळविले.

आपल्या समाजाने हे वाचणे विशेष अगत्याचे आहे. कोरेगावच्या स्तंभावरील नावांचा आपणांस अभिमान आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन तो अभिमान जागविला. ज्यांची लष्करभरती पुढे ब्रिटिशांनीच बंद केली, त्यांच्यासाठी ते शौर्य माणूसपणाचा पुरावा होते. परंतु आपण तथागतांच्या करुणेचेही वारसदार आहोत. शूराला मान देणे आणि युद्धाला सुंदर न म्हणणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. ओवेनच्या अल्प आयुष्यात त्या एकत्र नांदल्या.

आपल्या शाळेतील मुले सैन्यात जातात. त्यांनी जावे, ताठ मानेने जावे. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी आणि त्यांना निरोप देणाऱ्या आईवडिलांनी अशी एक तरी कविता वाचलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.