बटव्यातली क्रोसिन

वॉर्डात औषधांची फेरी सुरू झाली की मी प्रत्येक पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारते. सकाळी विचारलेली असली तरी दुपारी पुन्हा. मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघते, ॲलर्जी आहे का विचारते आणि मगच गोळी देते. आपल्याकडच्या आजी-आजोबांना याची गंमत वाटते, कधी रागही येतो. "अगं, रोज बघतेस ना मला?" मी म्हणते, "आजी, ओळखीच्या भरवशावर गोळी द्यायची नसते." योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्ही शिकताना पाठ केलेलं असतं. दिली की लगेच नोंद. मॉर्फिनसारख्या औषधाला तर कुलूपबंद कपाट, वेगळी वही आणि दोघांच्या सह्या.

एवढं करूनही एक गोष्ट आमच्या चार्टवर येत नाही, ती म्हणजे घरून आलेला बटवा. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या आई-बाबांच्या बॅगेत भाजणीच्या पिठाशेजारी औषधांची पिशवी असतेच. मागे सांगलीकडच्या एक आजी तापाने आमच्या वॉर्डात आल्या. पॅरासिटामॉल द्यायचं होतं. "घरचं काही घेतलंत का?" मी मराठीत विचारलं.

"छे गं, काही नाही. मगाशी दोन क्रोसिन घेतल्या, तेवढंच."

क्रोसिन म्हणजेच पॅरासिटामॉल! मी गोळ्या थांबवल्या, वेळ लिहिली, डॉक्टरांना कळवलं. मोठ्या माणसासाठी चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त आठ गोळ्या. वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. प्रमाण वाढलं तर यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी ती जाणवतही नाही. म्हणून तर इथे १९९८ पासून साध्या दुकानात १६ गोळ्यांचंच पाकीट मिळतं.

आजींनी लपवलं नव्हतं; त्यांच्या लेखी ती दोन वेगळी औषधं होती. भारतात आपण औषध कंपनीच्या नावाने ओळखतो, इथे बहुधा मूळ नावाने लिहितात. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, दोन्ही.

तेव्हा या दिवाळीत आई-बाबा आले असतील तर फराळ झाल्यावर त्यांचा बटवा टेबलावर रिकामा करा. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सगळं एका कागदावर उतरवा. काढे, चूर्णं, गुडघ्याच्या गोळ्याही लिहा. ॲलर्जी असेल तर सगळ्यात वर. तो कागद त्यांच्या पाकिटात राहू द्या आणि एक फोटो तुमच्या फोनमध्ये. हॉस्पिटलात गेल्यावर "नर्स काय म्हणेल?" असा संकोच नको. आम्ही रागावत नाही. असा कागद हातात आला की आमचा जीव भांड्यात पडतो.