ब्लरमधलं सोवळं

फोटो ब्लर करायचा तर गाऊसच्या वक्रानेच, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. बाकीचे प्रकार म्हणजे पळवाटा. एखाद्या लायब्ररीच्या माथ्यावर 'जवळपास गाऊसियन' असं दिसलं की मी पुढे वाचतच नसे. मारिओ क्लिंगेमान या जर्मन कलावंताची स्टॅकब्लर त्यातलीच. तिची जावास्क्रिप्ट आवृत्ती 2010 सालची. ब्राउझरच्या कॅनव्हासवर काम करणाऱ्या कितीतरी जणांनी ती सर्रास वापरली. मी नाक मुरडत राहिलो.

आता ते मत राहिलेलं नाही. वेग बघून बदललं म्हणावं, तर तसंही नाही, कारण वेगाचा हिशेब मला आधीपासून पाठ होता. त्रिज्या 20 घेतली की एका पिक्सेलभोवतीचा चौकोन 41 बाय 41, म्हणजे 1,681 घरं. 1.2 कोटी पिक्सेलच्या फोटोला हे सरळसोट लावलं तर दोन हजार कोटींच्या वर गुणाकार, आणि तेही एकाच रंगापुरते. एक आडवा आणि एक उभा फेरा केला की 1,681 चे 82 होतात. गाऊसच्या वक्रात ही सोय मुळातच आहे. माझं तेवढ्यावर भागत होतं. फोन तापला तर दोष फोनचा!

स्टॅकब्लर 82 वर थांबत नाही. ती त्रिकोणी वजनं वापरते: त्रिज्या 2 असेल तर ओळीतल्या पाच पिक्सेलना 1, 2, 3, 2, 1. खिडकी एक घर पुढे सरकली की नव्याने बेरीज नाही. दुकानदार आजची शिल्लक कालच्या शिलकेवरून काढतो, दुकान उघडलं त्या दिवसापासूनची वही चाळत नाही, तसंच. येणाऱ्या पिक्सेलची एक चालू बेरीज, जाणाऱ्यांची दुसरी, आणि एकूण वजनदार बेरीज तिसरी. त्रिज्या 5 असो की 100, एका पिक्सेलमागे काम तेवढंच. शेवटी वजनांच्या बेरजेने, म्हणजे इथे 9 ने, भागायचं. तो भागाकारही चुकवलाय: 456 ने गुणायचं आणि उत्तर 12 बिट उजवीकडे सरकवायचं, म्हणजेच 4,096 ने भागायचं. एक-नवमांशापेक्षा हे केसभर जास्त येतं, पण बिघडत काही नाही. अशा गुणकांचा आख्खा तक्ता कोडमध्ये तयार आहे. त्याचं कौतुक मला तेव्हाही होतं. पण कौतुक वेगळं आणि मान्यता वेगळी.

मी हललो ते एसव्हीजीच्या स्पेसिफिकेशनमुळे. गाऊसियन ब्लरच्या व्याख्येखालीच तिथे लिहिलंय की प्रमाण विचलन 2 किंवा जास्त असेल तर साधा बॉक्स ब्लर लागोपाठ तीनदा केला तरी चालेल, मूळ वक्रापासून फरक साधारण 3 टक्के. सपाट खिडकी दोनदा फिरवली की त्रिकोण होतो, तिसऱ्यांदा फिरवली की घंटेचा आकार दिसू लागतो. म्हणजे स्टॅकब्लर त्याच जिन्याची दुसरी पायरी. आणि माझा तो अस्सल गाऊसियन? खरा वक्र कधीच शून्याला टेकत नाही. मी तो तीन विचलनांवर कापत होतो आणि उरलेलं गप्प टाकून देत होतो.

याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा शेजारी ठेवून मी माझा निर्दोष ब्लर चालवला, तर मधे मळकट, काळपट पट्टा. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही घटक 128 येतात. पण एसआरजीबीत 128 म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम 22 टक्के. निम्मा हवा तर आकडा 188 च्या आसपास पाहिजे. वजनं दशांशापर्यंत चोख ठेवायची आणि ज्यांची सरासरी काढतोय ते आकडे प्रकाशाचे आहेत का हे बघायचंच नाही, असं माझं सोवळं! टीममधल्या पोरांना मी मात्र त्याच वजनांवरून रिव्ह्यूमध्ये पिडत होतो. आता ब्लरचा कोड आला की आधी विचारतो: सरासरीपूर्वी रंग रेषीय केलेत का, पारदर्शक कडांसाठी अल्फाने आधी गुणलंय का. वक्र कुठला, हे बहुतेक वेळा विचारायचं राहूनच जातं.

सगळीकडे मात्र मी मान डोलावत नाही. काळ्या आभाळातला एकच झगझगीत दिवा स्टॅकब्लरमधून काढा. त्याचं वलय गोल राहत नाही, चौकटीकडे झुकतं. स्क्रीनमागच्या धूसर पडद्याला ते खपतं, रात्रीच्या फोटोला नाही. आणि चित्रातून मोजमाप काढायचं असेल, एकच वस्तू दोन फोटोंत ओळखायची असेल, तर तिथे गाऊसच हवा असं मी अजून म्हणतो. 2006 साली आलेल्या सर्फ या पद्धतीने नेमकं तेच काम चौकोनी बॉक्स वापरून केलं होतं, हे मला कुणीतरी ऐकवतंच. त्यावर माझ्याकडे अजून पटण्याजोगं उत्तर नाही.