जालना, नगर, केडगाव : साखरखेर्ड्याला धाडलेली पत्रे

जालना

ती. आबांस सा. न. वि. वि.

सिंदखेडराजा मागे टाकून गाडी जालन्यात आली, की दिसतात त्या बियाण्यांच्या पाट्या आणि सळयांचे कारखाने. याच गावाशेजारी दीडशे वर्षांपूर्वी एका ब्राह्मणानं ख्रिस्ती वस्ती वसवली, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही.

ते रेव्हरंड नारायण शेषाद्री. त्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. गहजब झाला तो त्यांच्या धाकट्या भावावरून. तो अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला मिशनऱ्यांकडून काढून वडिलांच्या हवाली केलं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले, आणि सनातन्यांचा रोष त्यांनीच ओढवून घेतला. नारायणराव मात्र परतले नाहीत. १८६० नंतरच्या वर्षांत ते जालन्याकडं आले आणि मातंग, महार वस्त्यांमधून फिरू लागले.

खरी अडचण बाप्तिस्म्यानंतरची होती. गावकीतलं काम सुटलं की भाकरीचं काय? शेषाद्रींचं उत्तर होतं जमीन. आबा, गंमत पाहा: ज्या निजामानं १७२४ मध्ये आपल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात मुबारीझखानाला पाडून दख्खन हाती घेतली, त्याच्याच घराण्याच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना, या वस्तीला जमीन मिळाली. तिचं नाव बेथेल. प्रवचनानं माणसं आली असतील. टिकली ती शेतामुळं.

नगर

आबांस सा. न.

कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी इथल्या रिक्षावाल्याच्या तोंडी अजून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं इथं १८३१ पासून. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा पाहिली ती इथलीच, सिंथिया फरार बाईंची.

इथं मुक्कामी आलेल्या एका पाहुण्याची गोष्ट थेट चीनला जाऊन भिडते. बोस्टनच्या मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. मंडळीनं कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा, प्रचारही स्वतःच करावा, असा त्यांचा आग्रह. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच सुमारास.

शंभर वर्षांनी चीनच्या कम्युनिस्ट राजवटीत हीच तीन सूत्रं सरकारमान्य चर्चचं नाव होऊन बसली. अर्थ तेवढा सरकारनं आपल्या सोयीचा लावला. पण वेंझोऊ शहर पाहावं. जॉर्ज स्टॉट नावाचा एक पाय नसलेला स्कॉटिश मिशनरी १८६७ मध्ये तिथं पोचला. १९४९ नंतर परदेशी मिशनरी गेले, चर्चवर बंदीचे दिवसही आले, आणि तरी शहराला ‘चीनचं जेरुसलेम’ म्हणतात. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी पदरच्या पैशानं चर्च बांधली. सरकारला त्या चर्चची उंची खुपली. २०१४ मध्ये सानजियांगचं भलंमोठं चर्च पाडण्यात आलं.

नगरात उलट घडलं. सूर मराठी झाला, तिजोरी अमेरिकन राहिली. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून येशू गायला. पगार मात्र मिशनचाच. टिळकांना ते डाचत होतं. बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्या येशूभक्तांनाही एका पंगतीला बसवायचा तो खटाटोप. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार मोडला. अँडरसनच्या सूत्रांपासून मोजलं तर मिशननं साठ वर्षं दवडली होती.

केडगाव

आबांस सा. न., माईला नमस्कार.

हे नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’ इथं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींची भर पडली. दुष्काळात धर्म वाटला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पण त्या मुलींना दारात घ्यायला दुसरं कोण उभं होतं, हेही विचारायला हवं.

इथं मुलींनी खिळे जुळवले, छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. १९२४ मध्ये ते बायबल इथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. अँडरसनला हवं होतं त्याच्या सगळ्यांत जवळ कुणी पोचलं असेल तर ही बाई. परदेशातून देणग्या येत होत्या, पण कारभाराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या.

माईला सांगावं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयातून आणून ठेव. नगरची ही माणसं त्यात घरातल्यासारखी भेटतील.