दूरचे जवळ

माणसाच्या डोळ्याला एक जुनी खोड आहे. अंगणातली तुळस त्याला महिनेन् महिने दिसत नाही. पण पलीकडच्या डोंगरावर कुणी शेकोटी पेटवली, की ती मात्र तत्काळ दिसते. देवळात गेलो तरी हाताशी असलेल्या मूर्ती सोडून आपण कळसाकडे माना उंचावतो. दूरचे जवळ आणण्याची ही हाव फार पुरातन असली पाहिजे. १६०९ साली गॅलिलिओने नळीत दोन भिंगे बसवून चंद्रावरचे डोंगर पाहिले, तेव्हापासून ती वाढतच चालली आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यापुरते बोलायचे तर औंढा नागनाथजवळच्या दुधाळा गावच्या माळावर तिचा कळसच होऊ घातला आहे. तेथे ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहायची आहे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांतून अब्जावधी वर्षांपूर्वी कोठेतरी दोन कृष्णविवरे आदळली त्याचा हादरा टिपायचा! केंद्र सरकारने २०२३ साली त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

आमची गरज त्या मानाने फारच माफक होती. आम्हांला एक पक्षी पाहायचा होता, आणि त्यासाठी एका हंगामाच्या हळदीतून उरलेले पैसे हाताशी होते.

‘आम्हांला’ म्हटले ते सभ्यपणा म्हणून. पक्षी पाहायचा होता तो आमच्या सौभाग्यवतींना. त्यांनी तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. चक्रवाक आणि चक्रवाकी रात्री एकमेकांपासून दुरावतात, नदीच्या दोन तीरांवरून रात्रभर साद घालतात, हा कविसंकेत त्यांनी तीस वर्षे वर्गावर्गातून समजावून दिला. कालिदासाने ‘मेघदूता’त यक्षाच्या विरहिणी पत्नीला एकट्या चक्रवाकीची उपमा दिली आहे, तो श्लोक शिकवताना त्यांचा आवाज जरा हळू होत असे, असे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी मला अजून सांगतात. आणि गंमत अशी, की तो पक्षी त्यांनी कधी धड पाहिलाच नव्हता. हिवाळ्यात सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर तो येतो, तिबेट-लडाखकडची थंडी चुकवून येतो, हे त्यांना ठाऊक होते. धरणाच्या रस्त्यावरून पलीकडच्या गाळपेरावर नारिंगी ठिपके दिसत. “ते असावेत,” असे त्या म्हणत. जवळ जावे म्हणून आम्ही निवृत्तीची वाट पाहिली. निवृत्ती आली, आणि तिच्या पाठोपाठ त्यांचे गुडघे गेले. आता चिखलातून काठाकाठाने उतरणे दूरच, घराच्या तीन पायऱ्याही त्या कठड्याला धरून उतरतात.

दुर्बीण आणून पाहिली. पण हाताला कंप आहे. दुर्बीण डोळ्याला लावली, की पक्ष्याआधी आपल्याच हाताचा थरथराट दहापट होऊन दिसतो. शिवाय चक्रवाक उडाला की संपले. चित्र असेल तर ते घरी आणून, दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर लावून, चष्मा पुसून दहा वेळा पाहता येते. म्हणून कॅमेरा.

कॅमेरा घ्यायचा म्हटल्याबरोबर आमच्या घरी सल्लागार मंडळच भरले. शेजारी म्हणाले, “गुरुजी, खिशात फोन आहे की! बोटांनी ताणा, पाहिजे तेवढे मोठे होते.” पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवरून कळवले, की घ्यायचाच तर सुट्या भिंगांचा घ्या. त्यातले एकेक भिंग बाटलीएवढे, आणि किंमत ऐकल्यावर ती बाटली पाण्याची नसावी असे वाटले. नातू म्हणाला, “ज्याच्यावर सर्वांत मोठा आकडा लिहिलाय तो घ्या, आजोबा.” तीन पिढ्यांचे तीन सल्ले, आणि तिन्ही आमच्या कामाचे नव्हते.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरात सापडले. फोनवर बोटांनी ताणतो तो बहुधा डिजिटल झूम. त्यात कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि तोच मोठा करून दाखवतो. वीस लाखांच्या दहापट, म्हणजे दोन कोटी ठिपक्यांचे चित्र दुप्पट ताणले तर उरतात पन्नास लाख ठिपके. चौपट ताणले तर साडेबारा लाख. भाकरीचा गोळा तेवढाच, थापून मोठी केली म्हणून पीठ वाढत नाही. ती पातळ होते आणि शेवटी फाटते. ऑप्टिकल झूमची गोष्ट निराळी. तेथे नळीतले भिंगांचे गट खरोखरच मागेपुढे सरकतात, नाभीय अंतर वाढते, आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा आतल्या सेन्सरवर मुळातच मोठी पडते. इथे पीठच जास्त घेतलेले असते. काही नव्या फोनांत प्रकाशाची वाट लोलकाने वळवून चार-पाच पटींची खरी भिंगे बसवतात, हे मान्य. पण चक्रवाक पाव किलोमीटरवर बसलेला असतो.

नातवाच्या आकड्याचा उलगडा व्हायला जरा वेळ लागला. कॅमेऱ्यावर ‘तीसपट’ लिहिले म्हणजे वस्तू डोळ्याला दिसते त्याच्या तीसपट दिसणार, असा सर्वसाधारण समज असतो. तसे नसते. सर्वांत लांब नाभीय अंतराला सर्वांत आखूड अंतराने भागले, की तो आकडा येतो. तो नुसता भागाकार. २४ ते ७२० मिलिमीटरचा कॅमेरा तीसपट, आणि २० ते ६००चाही तीसपटच. पण दूर पाहण्यात पहिला पुढे, आणि औंढ्याच्या देवळाच्या आवारात भिंतीशी उभे राहून मूर्तींची लांब रांग एका चित्रात मावायची असेल तर दुसरा पुढे. तेव्हा पट विचारण्याऐवजी दोन्ही टोके विचारावीत, हे मी ठरवून टाकले. पूर्वी वरसंशोधनाला गेलेली शहाणी माणसे जमीन किती हे विचारून थांबत नसत, विहीर कोठे आहे हेही विचारत. त्यातलाच हा प्रकार.

सरकत्या भिंगांची ही युक्ती तशी जुनी. छायाचित्राच्या साध्या पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग जर्मनीच्या फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली बाजारात आणले. त्याची झेप ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोनपट. डिजिटल कॅमेरा त्याच्याहून तरुण. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअराने पहिला घडवला. दहा हजार ठिपक्यांचे एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. तेवढ्यात चक्रवाक धरण ओलांडून जाता. या दोन ओढ्यांचा पुढे संगम झाला आणि पूर इतका चढला, की २०१८ साली निकॉनने २४ ते ३००० मिलिमीटरचा, एकशेपंचवीसपट कॅमेरा काढला.

त्याचा मोह मलाही झाला, का खोटे बोला! पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. त्या कॅमेऱ्याचे वजन जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅम. आमच्या घरी एवढे जड फक्त वरवंट्याला उचलतात. शिवाय पूर्ण लांबवल्यावर भिंगाचा आकडा २.८ वरून ८ वर जातो, म्हणजे सेन्सरवर उजेड आठवा हिस्सा पडतो. उलट टोकाला २०१७ सालचा सोनीचा एक कॅमेरा होता. त्याचा सेन्सर या मंडळींच्या नेहमीच्या सेन्सरच्या चौपट, त्यामुळे चित्र नितळ. पण झेप ६००पर्यंतच, आणि किंमत आमच्या हळदीच्या पलीकडची. झेप, उजेड, वजन आणि पैसा ही चार भावंडे एका पाटावर जेवायला बसत नाहीत. एकाला वाढले की दुसरे रुसते.

अखेरीस आम्ही दोघे नांदेडला गेलो. दुकानदार भला माणूस होता. “काका, लग्नाच्या फोटोवाल्यांचे मोठे कॅमेरे जातात, हे मधले फोनने खाऊन टाकले,” असे म्हणत त्याने कपाटातून दोन-तीन खोकी काढली. मी त्याच्या परवानगीने दारात उभा राहून रस्त्याच्या टोकाच्या पाटीवर प्रत्येक कॅमेरा रोखला आणि डिजिटल झूम बंद करून चित्रे काढली. सौभाग्यवतींची परीक्षा निराळी होती. त्यांनी प्रत्येक कॅमेरा हातात घेतला, डोळा खिडकीला लावला आणि काही न बोलता ठेवून दिला. एक मात्र ठेवला नाही. तो २१ ते १३६५ मिलिमीटरचा, पासष्टपट, वजनाने सहाशे ग्रॅमच्या आसपास. खिडकीशेजारी एक बारीक चाक होते. ते फिरवले की चष्म्याचा नंबर खिडकीतच जमतो. आणि आतली कंप आवरणारी युक्ती सुरू होताच त्या म्हणाल्या, “अहो, पाटी थांबली!”

नुसत्या हाताने धरलेल्या कॅमेऱ्याचा एक ढोबळ नियम आहे: नाभीय अंतर हजार, तर चित्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपावे, नाहीतर हात हलल्याचे चित्रात उमटते. ही युक्ती त्यात पुष्कळ सवलत देते. दुकानदाराला ती सवलत. आमच्या घरी मात्र तो हट्टच होता. कारण हा कॅमेरा मी धरायचा नव्हता. तिचा पक्षी तिनेच टिपायचा होता.

गेल्या पौषात सकाळी आठाच्या सुमारास धरणाच्या रस्त्यावर आम्ही खुर्ची मांडली. सकाळ मुद्दाम निवडली. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलते, आणि त्या मृगजळापुढे पासष्टपट काय आणि एकशेपंचवीसपट काय, सारख्याच हतबल. कॅमेरा कठड्यावर, त्याखाली तांदळाची अर्धी भरलेली पिशवी. पाणकावळे होते, नदीसुरय होते. मग नारिंगी ठिपके. मी गप्प बसलो. बराच वेळ फक्त बटणाचा बारीक आवाज येत होता.

घरी आल्यावर पडद्यावर चित्र लागले. अगदी धारदार म्हणता येणार नाही. पण दोन पक्षी स्पष्ट होते. दालचिनी रंगाचे अंग, फिकट डोके, काळी चोच. एकाचा चेहरा जास्त पांढुरका, ती मादी. नराच्या गळ्यातले काळे कडे हिवाळ्यात बहुधा पुसट होते, तसे झालेले. दोघेही चिखलात चोच घालून शेजारी शेजारी चरत होते. सौभाग्यवती उठल्या, भिंतीला धरून पडद्यापर्यंत गेल्या आणि मादीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

“किती साधी आहे हो,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, वर्गात विचारतात तशा स्वरात म्हणाल्या, “रात्री खरेच दुरावत असतील का?”

त्याचे उत्तर आमच्या कॅमेऱ्यात नाही. उजेड गेला, की त्याची झेप संपते. यंदाचे थवे या दिवाळीच्या सुमारास उतरू लागतील; खुर्ची आणि तांदळाची पिशवी तयार आहे. सकाळचे चक्रवाक आम्ही पाहू. रात्रीचे कालिदासाकडेच असू द्यावेत.