भिंत, ब्लॉक आणि पाणी

वीकांताला लोक ट्रेकला जातात, पिक्चर बघतात. मी गेले तीन वीकांत काँक्रीटचे ब्लॉक बघतोय. हसू नका!

कोकणात आमच्या घराच्या मागे डोंगर उतरतो. ती माती धरून ठेवायला पाच फुटी भिंत घालायची आहे. भिंतीपासून चार पावलांवर मोरी, आणि मोरीत रोज सकाळी तासभर आई. त्यामुळे कुठला ब्लॉक घ्यायचा, हा प्रश्न नुसता रेटचा नाही.

काँट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, एएसी टाकू. हलका, मोठा, काम पटापट." एएसी म्हणजे ते पांढरट, फेसाळ ब्लॉक. टॉवरमध्ये मस्त, कारण तिथे भार कॉलम-बीम घेतात आणि भिंत जितकी हलकी तितकी बरी. इथे नेमकं उलटं. माती आडवी ढकलते, आणि साधी भिंत तिला आपल्या वजनावर थोपवते. एएसी घनमीटरला साधारण ६०० किलो, सॉलिड काँक्रीट ब्लॉक २००० च्या आसपास. शिवाय एएसी पाणी पितो. बाद.

उरले दोन. सॉलिड ब्लॉक घेतला तर भिंत पायाशी चांगली रुंद हवी, म्हणजे जागा जाते. पोकळ ब्लॉक घेतला तर पायातून सळया वर काढायच्या, त्या पोकळ्यांमधून ओवायच्या आणि पोकळ्या काँक्रीटने भरायच्या. भिंत बारीक राहते, तरी ताकद येते. पण पोकळ्या रिकाम्या ठेवून "झालं काम" म्हणणारेही भेटतात. तसली भिंत कंपाउंडला ठीक, मातीला नाही.

यावर बाबांचा प्रश्न: "अरे, आजोबांनी घातलेला गडगा अजून उभा आहे. त्यात कुठे सळई आहे?"

प्रश्न एकदम बरोबर! गडगा म्हणजे चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेले दगड. तो गळतो, आणि गळतो म्हणूनच टिकतो. आकडे बघा. दीड मीटर उंचीची मुरमाड माती कोरडी असताना एक मीटर लांबीच्या भिंतीला साधारण ७०० किलोने ढकलते. तीच माती पाण्याने तुडुंब भरली आणि पाण्याला वाट नसली, की हा रेटा दीड टनाच्या घरात जातो. म्हणजे दुपटीहून जास्त. उंची दुप्पट केली तर चौपट. आपण मात्र सिमेंट लावून, वर प्लास्टर करून गडग्याचा तोच गुण मारतो.

म्हणून भिंतीच्या मागे फूटभर रुंद खडी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड, तळाशी भोकांचा पाइप, आणि भिंतीतून आरपार पीव्हीसीचे तुकडे, उताराने बाहेर. हा खर्च बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कोटेशनमधून पहिला तोच उडतो.

२९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला पावसात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ माणसं गेली. ती भिंत आदल्या दिवशीपर्यंत उभीच होती की. आपल्या भाषेत सांगायचं तर, मे महिन्यात उभी असलेली भिंत म्हणजे डेमो. प्रॉडक्शन जुलैमध्ये.

असो. आमचं ठरलंय: पोकळ ब्लॉक, सळया, काँक्रीट, मागे खडी. सळई किती जाड आणि पाया किती रुंद, हे ना मी सांगणार ना काँट्रॅक्टर. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरला पैसे देऊन ड्रॉइंग काढून घेतोय. फी ऐकून बाबा म्हणाले, "एवढे?" मी म्हटलं, "बाबा, मोरी हलवायची तर त्याहून जास्त जातील." आणि आई मोरी हलवू देणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.